ब्रेकचा बोल्ट आवळायचा किती? टॉर्कचा आकडा शोधताना वारंवार होणारी गफलत

“मामा, परत ओलं झालंय.”

माझा भाचा कराडला नोकरीला असतो. दर शनिवारी दीडशे सीसीच्या मोटारसायकलवरून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला घरी येतो. हे वाक्य मी त्याच्या तोंडून महिन्याभरात तिसऱ्यांदा ऐकत होतो. ओलं म्हणजे पुढच्या कॅलिपरवर (डिस्कला पॅडच्या चिमटीत धरणारा ब्रेकचा भाग), जिथं ब्रेकचा पाइप येऊन बसतो त्या बँजो बोल्टपाशी. पाइप त्याने स्वतः बदलला होता. आठवड्याच्या आत पाझर सुरू झाला. गॅरेजमध्ये थोडं आवळून घेतलं. आठ दिवस कोरडं, मग परत ओलं. आणखी थोडं आवळलं, परत तेच. रविवारी सकाळी अंगणात खाली बसून बघितलं, तर फोर्कच्या, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांच्या, खालच्या टोकाचा काळा रंग नखाने सोलून निघत होता. ब्रेक ऑईल रंग खातं. रंग इतका सुटलाय म्हणजे पाझर थांबलाच नव्हता, मधल्या कोरड्या दिवसांतही तो बारीक चालूच होता.

“बोल्ट बसवताना टॉर्क पाना लावला होतास?”

“हो मामा, १९ वर.”

“१९ काय?”

तो माझ्याकडे बघत राहिला. “१९... टॉर्क.”

गफलत इथेच होती. टॉर्क म्हणजे बोल्टला दिलेला पीळ. टॉर्क पान्यावर आकडा लावून ठेवायचा, तेवढा पीळ बसला की पाना ‘टिक’ करतो. त्याला मोबाईलवर मिळालेल्या कोष्टकात १९ हा आकडा पौंड-फुटात होता आणि त्याच्या पान्यावरच्या खुणा न्यूटन-मीटरच्या. १९ पौंड-फूट म्हणजे जवळजवळ २६ न्यूटन-मीटर. म्हणजे पोराने बोल्ट पाऊणच आवळला होता, आणि तोही जुन्याच तांब्याच्या वॉशरवर. पुढे दोनदा साध्या रिंग पान्याने अंदाजाने पीळ बसला, तोवर वॉशर एका अंगाने दबून गेले होते.

अशा गाड्या माझ्याकडे वर्षाकाठी चार-पाच तरी येतात. ब्रेकचं काम घरी करणारी मंडळी वाढली आहेत, टॉर्क पानेही परवडायला लागलेत. पाना आहे, मेहनत आहे, काळजीसुद्धा आहे, तरी बोल्ट ढिला राहतो किंवा आटे जातात. कारण पान्यावर लावलेला आकडा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, दुसऱ्याच एककातला किंवा दुसऱ्याच बोल्टचा असतो.

आधी दोष टॉर्कचाच आहे का ते बघा

ओलं दिसलं की लगेच पाना लावायचा नाही. ब्रेक ऑईल पाण्यात विरघळतं, त्यामुळे कॅलिपर साबणाच्या पाण्याने धुऊन कोरडं करा. मग बँजो बोल्टभोवती टिश्यू पेपरची घडी गुंडाळा, एक घडी ब्लीडर निप्पलच्या (ब्रेकमधली हवा काढायच्या बारीक तोटीच्या) बुडाशी आणि एक पाइपच्या धातूच्या टोकावर, जिथं रबर दाबून बसवलेलं असतं तिथे. ब्रेकचा लिव्हर हँडलला दाबून वेल्क्रोच्या पट्टीने रात्रभर बांधून ठेवा. सकाळी कोणता कागद ओला आहे ते बघा. निप्पल बहुतेक कॅलिपरवर वरच्या अंगाला असतं. तिथून सुटलेला थेंब ओघळून बँजोवर येतो आणि माणूस बिचाऱ्या बँजोला आवळत बसतो.

दुसरी गोष्ट म्हणजे खूण. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावरून शेजारच्या धातूपर्यंत पेंट मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवायची. पुढे केव्हाही त्रास झाला तर ती रेघ बघा. सरकलेली असेल तर बोल्ट ढिला होतोय. जागच्या जागी असेल आणि तरीही ओलं असेल, तर आणखी आवळून काही साधणार नाही. वॉशर दबलेला असेल, बसण्याच्या जागेवर ओरखडा असेल किंवा पाइपच फुटायला लागला असेल. भाच्याच्या गाडीला रेघ नव्हती. ती असती तर गॅरेजच्या दोन फेऱ्या वाचल्या असत्या.

कागद ओला झाला तो वॉशर आणि कॅलिपरच्या मधल्या जागी. म्हणजे आमचा दोष वॉशर आणि टॉर्कचाच होता.

‘बारा नंबरचा बोल्ट’

आता माझ्या हातून झालेलं नुकसान सांगतो, कारण ही चूक मी आजही दर पावसाळ्यात कुणाच्या तरी हातून होताना बघतो.

बरीच वर्षं झाली. पहिला टॉर्क पाना नवा आणलेला. कॅलिपर फोर्कला धरून ठेवणारे दोन बोल्ट बसवायचे होते. मॅन्युअलातलं ब्रेकचं पान मिळालं नाही, पण सर्वसाधारण नट-बोल्टांचं कोष्टक हाती लागलं. त्यात ६ मिमीला १०, ८ मिमीला २२, १० मिमीला ३४ आणि १२ मिमीला ५४ न्यूटन-मीटर असे आकडे होते. आपल्याकडे गॅरेजमध्ये ‘बारा नंबरचा बोल्ट’ म्हणतात तो बारा नंबरचा पाना लागतो म्हणून. मी बाराच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पाना ५४ वर लावला.

‘टिक’ आलीच नाही. पाना जड होत गेला, मग एका क्षणी मऊ झाला. हाताला लोण्यातून फिरल्यासारखं लागलं. बोल्ट बाहेर काढला तेव्हा त्याच्या आट्यांत चकाकणारी ॲल्युमिनियमची बारीक स्प्रिंग गुंडाळलेली होती. फोर्कच्या बुंध्यातले आटे होते ते.

बारा नंबरचा पाना लागतो त्या बोल्टच्या आट्यांचं माप जपानी पद्धतीच्या गाड्यांत ८ मिमी असतं. दहा नंबरचा पाना ६ मिमीच्या बोल्टला, चौदा नंबरचा बहुतेक ठिकाणी १० मिमीच्या. टॉर्कच्या कोष्टकातलं माप कायम आट्यांचं असतं, पान्याचं कधीच नसतं. मी ८ मिमीच्या बोल्टला १२ मिमीचा टॉर्क देत होतो, दुपटीहूनही जास्त. लेथवाल्याकडे हेलिकॉइल (गेलेल्या आट्यांच्या जागी बसवायची तारेची गुंडाळी) बसवून घ्यावी लागली. ती आजपर्यंत टिकली आहे, पण तो फोर्क बघितला की मला अजून वाईट वाटतं.

म्हणून पहिलं काम हे की आकडा शोधायच्या आधी बोल्ट ओळखायचा. व्हर्नियर कॅलिपर लावून आट्यांचा बाहेरचा व्यास मोजा. ७.८ ते ७.९ भरला तर तो ८ मिमीचा. बोल्टच्या डोक्याच्या मापाकडे या कामापुरतं बघायचंसुद्धा नाही.

आकडा बोल्टचा नसतो, जोडाचा असतो

माप कळलं म्हणजे आकडा कळला असं होत नाही. बँजो बोल्टच घ्या. जपानी घराण्यातल्या बहुतेक गाड्यांत तो १० मिमीचा, १.२५ पिचचा (पिच म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर) असतो. दुकानात मागितला तर एकाच डब्यातून काढून देतील. तरी होंडाच्या कित्येक मॉडेलांच्या मॅन्युअलात त्याला ३४ न्यूटन-मीटर दिलेले आहेत, यामाहाच्या कित्येकांत ३०, कावासाकीच्या २५ आणि सुझुकीच्या २३. डिस्क चाकाला धरून ठेवणाऱ्या ८ मिमीच्या बोल्टांत तर फरक आणखी मोठा आहे. होंडात बऱ्याच ठिकाणी ४२, कावासाकीत २७, सुझुकीत २३. हे आकडे फरक दाखवण्यापुरते लिहिलेत. यातला एकही उचलून आपल्या गाडीला लावू नका.

एकाच मापाच्या बोल्टला इतके वेगळे आकडे का? टॉर्क म्हणजे पीळ. आपल्याला खरं तर हवा असतो तो ताण, म्हणजे बोल्ट किंचित ताणला जाऊन दोन भाग एकमेकांवर दाबून धरतो ती पकड. आपण दिलेल्या पिळापैकी ढोबळमानाने दहावा हिस्साच पकडीच्या कामी येतो. बाकीचा बोल्टच्या डोक्याखाली आणि आट्यांत घर्षणात जिरतो. त्यामुळे बोल्टवरचा मुलामा, वॉशर तांब्याचा की ॲल्युमिनियमचा, आटे पोलादात आहेत की ॲल्युमिनियमच्या कॅलिपरमध्ये, आट्यांवर लॉकटाइट (आटे पकडून ठेवणारं औषध) आहे की नाही, यातलं काहीही बदललं की आकडा बदलतो. होंडाचे ते ४२ वाले डिस्कचे बोल्ट आट्यांवर कारखान्यातच औषध लावून येतात, आणि काढले की नवेच घालायचे असं मॅन्युअल सांगतं. तोच आकडा साध्या बोल्टला लावला तर तो त्या जोडाचा आकडा राहत नाही.

याच कारणाने आट्यांना आपल्या मनाने ग्रीस किंवा इंजिन ऑईल लावायचं नाही. गंज लागू नये म्हणून कोकणात ही सवय फार आहे, मलाही होती. घर्षण कमी झालं की तेवढ्याच टॉर्कला ताण भलताच वाढतो, पाना बरोबर ‘टिक’ करतो आणि बोल्ट आतून ताणून निकामी होतो. मॅन्युअलात ‘आट्यांना तेल लावा’ असं छापलेलं असेल तरच लावा, नाहीतर आटे पुसून कोरडे ठेवा. आणि बँजो बोल्टला लॉकटाइट कधीही नाही, कारण त्याच्या पोटातूनच ब्रेक ऑईल वाहतं.

आकडा कुठे शोधायचा

गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका उघडली की बहुतेकांची निराशा होते. त्यात टायरची हवा असते, बल्बचे वॉट असतात. टॉर्क असलेच तर एक्सलच्या नटापुरते. आपल्याला लागतं ते सर्व्हिस मॅन्युअल, कारखान्याने मेकॅनिकसाठी काढलेलं जाडजूड पुस्तक. त्यात टॉर्क बहुधा दोन जागी असतात. एक सुरुवातीच्या माहितीच्या प्रकरणात, सगळ्या गाडीचं मिळून मोठं कोष्टक. दुसरं ब्रेकच्या प्रकरणात, कृतीच्या बरोबरीने किंवा सुटे भाग उलगडून दाखवणाऱ्या चित्रावर. दोन्ही बघा. कोष्टकात नुसता आकडा असतो. ‘बोल्ट नवा घाला’, ‘आधी वरचा बोल्ट, मग खालचा’ अशा सूचना ब्रेकच्या प्रकरणातच सापडतात.

सगळ्यात जास्त फसवणूक होते ती मॉडेलच्या नावाने. गाडीच्या टाकीवरचं नाव दहा-पंधरा वर्षं तेच राहतं, ब्रेक मात्र मधे दोन-तीनदा बदललेले असतात. आपल्याकडे १ एप्रिल २०१८ पासून नव्या मॉडेलांना आणि १ एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या सगळ्याच नव्या दुचाकींना १२५ सीसीच्या वर एबीएस (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) सक्तीचं झालं. १२५ आणि खाली सीबीएस (दोन्ही ब्रेक एकत्र लावणारी यंत्रणा) किंवा एबीएस. लगेच वर्षभराने, १ एप्रिल २०२० ला, बीएस-सहा हे प्रदूषणाचे नियम आले. त्यामुळे २०१८ ची आणि २०१९ ची गाडी दिसायला जुळ्या बहिणी असल्या तरी ब्रेकचे पाइप, त्यांचे जोड, कधी कधी अख्खं कॅलिपर वेगळं असतं. कारखाने अशा वेळी पूर्ण मॅन्युअल परत छापत नाहीत, बदललेल्या भागांपुरती पुरवणी काढतात. मूळ मॅन्युअल हातात पडलं आणि पुरवणी राहिली, की तुम्ही अगदी खऱ्या कागदावरून चुकीचा आकडा उचलता. आरसीवर उत्पादनाचा महिना आणि वर्ष असतं, चासी नंबर असतो. ते लिहून घ्या आणि मगच शोधायला बसा.

सुट्या भागांचं कॅटलॉगही फार कामाचं आहे, आणि ते लोक वापरत नाहीत याचं मला नेहमी आश्चर्य वाटतं. त्यात टॉर्क नसतो, पण बोल्टची ओळख पक्की होते. होंडाच्या साध्या बोल्टच्या पार्ट नंबरात मापच लिहिलेलं असतं. ९५७०१-०६०२०-०० म्हणजे ६ मिमी जाडीचा, २० मिमी लांबीचा फ्लँज बोल्ट. पण कॅलिपरच्या बोल्टचा नंबर ९० ने सुरू होताना दिसला, तर तो त्या जागेसाठी मुद्दाम केलेला खास बोल्ट आहे हे समजून जा. त्याला सर्वसाधारण कोष्टक लावायचं नाही, त्याचा स्वतःचा आकडा मॅन्युअलात शोधायचा. आणि हरवला तर हार्डवेअरच्या दुकानातला तेवढ्याच मापाचा बोल्ट तिथे चालत नाही.

मॅन्युअल मिळालंच नाही तर सर्व्हिस सेंटरमध्ये जा, पण प्रश्न नीट विचारा. “हा बोल्ट किती आवळता?” असं विचारलं तर “फुल टाइट” हेच उत्तर मिळणार. चासी नंबर दाखवून म्हणा, “या गाडीच्या पुढच्या ब्रेकचं टॉर्कचं पान मला बघायचंय, फोटो काढून घेऊ का?” वर्कशॉपचा सुपरवायझर बहुधा नाही म्हणत नाही. मी आजवर चार गाड्यांची पानं अशीच मिळवलीत.

कॅलिपर किंवा पाइप बाहेरचा, दुसऱ्या कंपनीचा बसवलेला असेल तर आकडे दोन ठिकाणांहून घ्यावे लागतात. कॅलिपरच्या पोटातल्या गोष्टी, म्हणजे निप्पल आणि पॅडची पिन, कॅलिपर बनवणाऱ्याच्या कागदावरून. फोर्कला बसवायचे बोल्ट गाडीच्या मॅन्युअलावरून. बँजो बोल्टची पिच मात्र डोळ्यांत तेल घालून तपासा. ब्रेम्बो कंपनीच्या कित्येक कॅलिपरांना १० मिमी, १.० पिच लागते. १.२५ चा बोल्ट तिथे दोन फेरे आत जातो आणि अडतो. तिथे पान्याने जोर केला की कॅलिपर गेलं.

एकच आकडा, चार रूपं

ब्लीडर निप्पलचा एक नेहमीचा टॉर्क घ्या: ५.४ न्यूटन-मीटर. हाच किलोग्रॅम-मीटरमध्ये ०.५५ होतो, पौंड-फुटात ४ आणि पौंड-इंचात ४८. चारही आकडे खरे, चारही एकाच निप्पलचे. आता कल्पना करा, कुणी ४८ वाचलं आणि पौंड-फूट समजून आवळलं. ते ६५ न्यूटन-मीटर झाले. निप्पल पोकळ असतं, ते याच्या कितीतरी आधी मोडून अर्धं कॅलिपरमध्येच राहील.

जुनी जपानी मॅन्युअलं किलोग्रॅम-मीटरची, अमेरिकेसाठी छापलेली पौंड-फुटाची, नवी न्यूटन-मीटरची. यातली कुठली पानं मोबाईलवर फिरत फिरत आपल्यापर्यंत येतील सांगता येत नाही. मी दोन सोपे हिशेब डोक्यात ठेवलेत. न्यूटन-मीटरला दहाने भागलं की साधारण किलोग्रॅम-मीटर येतात, आणि पाऊणपट केली की साधारण पौंड-फूट. मॅन्युअलात आकडे बहुधा दोन-तीन एककांत शेजारी शेजारी छापलेले असतात, तेव्हा हा हिशेब करून बघा. ३४, ३.५ आणि २५ असं दिसलं तर जुळतं. एक जरी आकडा जुळला नाही तर छपाई पुसट आहे किंवा तुम्ही चुकीच्या ओळीवर आहात. झेरॉक्सच्या झेरॉक्समध्ये दशांशचिन्ह उडतं हे मी स्वतः पाहिलंय. मास्टर सिलिंडरच्या, म्हणजे हँडलवरच्या ब्रेक ऑईलच्या टाकीच्या झाकणाचे स्क्रू १.५ न्यूटन-मीटरला असतात, त्याचे १५ झाले तर स्क्रूचं डोकं हातात येईल.

शेवटी मापाशी ताडून बघायचं. पोलादी बोल्टला ६ मिमीसाठी १० ते १२, ८ मिमीसाठी २० ते ३०, १० मिमीसाठी ३५ ते ५० न्यूटन-मीटर ही सर्वसाधारण चाल आहे. मिळालेला आकडा यातून फार बाहेर असेल तर थांबा आणि कारण शोधा. कारण असू शकतं. बँजो आणि निप्पल पोकळ असतात म्हणून त्यांचे आकडे कमी, होंडाचा डिस्कचा बोल्ट खास म्हणून त्याचा जास्त. लिव्हर ज्यावर फिरतो त्या पिव्होट बोल्टला तर अनेक गाड्यांत फक्त १ न्यूटन-मीटर आणि त्याच्या खालच्या नटाला ६ च्या आसपास असतो. तो बोल्ट गच्च केला की लिव्हर पूर्ण परत येत नाही, ब्रेक किंचित धरून राहतो, डिस्क तापते, आणि माणूस कॅलिपर उघडून बसतो. ब्रेक चिकटतोय अशी तक्रार असेल तर आधी हा बोल्ट बघा.

मागे ड्रम ब्रेक असेल तर तिथे आकड्याइतकीच एक पिन महत्त्वाची असते. ब्रेक प्लेटला स्विंगआर्मशी (मागचं चाक धरणाऱ्या फाट्याशी) बांधणाऱ्या दांडीच्या नटाला स्प्लिट पिन असते. ती जुनी वाकवून परत घालू नका, आणि विसरू तर अजिबात नका.

पाना खरं बोलतो का?

आकडा बरोबर आणि पाना खोटा असेल तर सगळं फुकट. अर्धा इंची ड्राइव्हचा (सॉकेट बसायचा चौकोन अर्ध्या इंचाचा) मोठा पाना निप्पलच्या कामाचा नाही. टिक करणारा पाना त्याच्या सगळ्यात खालच्या भागात भरवशाचा नसतो. ब्रेकच्या कामाला दोन लागतात: पाव इंची, साधारण २ ते २० न्यूटन-मीटरचा, आणि दुसरा २० ते १०० च्या आसपासचा. एकच घ्यायचा झाला तर मी लहान आधी घेईन, कारण ब्रेकमधले मोडणारे भाग बहुतेक त्याच्या हद्दीतले आहेत. बँजो आणि कॅलिपरच्या बोल्टांना मग मोठा कुणाकडून तरी मागून आणा, पण अंदाजाने आवळू नका.

घरच्या घरी तपासायची युक्ती अशी. पान्याचा चौकोन बाकावरच्या व्हाइसमध्ये पकडा, पाना आडवा राहू द्या. चौकोनाच्या मध्यापासून मुठीच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. माझ्या पान्याचं ३५ सेंटीमीटर भरतं. तिथे दहा किलो तांदळाची पिशवी दोरीने हलकेच सोडायची. १० गुणिले ९.८१ गुणिले ०.३५ म्हणजे ३४.३ न्यूटन-मीटर. पान्याचं स्वतःचं वजनही थोडी भर घालतं. पाना ३३ वर लावला तर टिक यायला हवी, ३८-३९ वर लावला तर यायला नको. भाच्याच्या पान्यावर हे करून बघितलं. पाना अगदी ठीक होता. त्याने बिचाऱ्याने १९ सांगितले, पान्याने १९ दिले.

पाना मुठीलाच धरायचा, दांड्याच्या मधे नाही. सावकाश ओढायचा, आणि एकदा टिक आली की थांबायचं. खात्री म्हणून दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा टिक करणारे पुष्कळ आहेत, त्यात दर वेळी बोल्ट थोडा पुढे जातो. काम झालं की पाना सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा.

भाच्याच्या गाडीचं काय केलं

सर्व्हिस सेंटरमधून त्याच्या चासी नंबरचं पान मिळायला सोमवार उजाडला, म्हणून त्याला कराडला एसटीने पाठवला. पानावर बँजोचा आकडा होता २६ न्यूटन-मीटर, शेजारी १९ पौंड-फूट. मोबाईलवरचं कोष्टक खोटं नव्हतं, एकक तेवढं वाचायचं राहिलं होतं.

पुढच्या रविवारी दोघांनी मिळून काम केलं. बोल्ट सोडला, पाइपचं आणि कॅलिपरचं तोंड सुती कापडाने पुसून उजेडात बघितलं. एक पुसटसा ओरखडा होता, नखाला लागत नव्हता, म्हणून चालवून घेतला. नखाला लागला असता तर नसता चालवला. दोन नवे वॉशर, एक पाइपच्या वर, एक खाली. बोल्ट बोटांनी शेवटपर्यंत फिरवला, पाइप त्याच्या खोबणीत अडकवून सरळ केला, मग आधी १५ ला आणि नंतर २६ ला. टिक त्यालाच ऐकू दिली. निप्पलमधून हवा काढली, निप्पल लहान पान्याने त्याच्या आकड्याला आवळलं, सगळं पाण्याने धुतलं, आणि पिवळ्या मार्करने रेघ ओढली. चाक हलवायच्या आधी लिव्हर दहा-बारा वेळा दाबून घट्ट होऊ दिला. पॅड मागे सरकलेले असले तर पहिल्या दाबाला ब्रेक लागतच नाही, हे विसरून गाडी उतारावर सोडलेली माणसं मला माहीत आहेत.

रात्रभर लिव्हर बांधून ठेवला. सकाळी कागद कोरडा होता.

त्याच्या टूलकिटच्या झाकणाला आतून आता एक चिठ्ठी चिकटवली आहे. चासी नंबरचे शेवटचे पाच आकडे, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, आणि खाली ब्रेकच्या आठ बोल्टांची नावं. प्रत्येकापुढे आधी आट्यांचं माप, मग टॉर्क आणि त्यापुढे न चुकता ‘न्यूटन-मीटर’ असं पूर्ण लिहिलेलं. अक्षर त्याचंच आहे. शनिवारी हेळवाकला चहाला थांबला की तो खाली वाकून पिवळी रेघ बघतो आणि मला फोटो पाठवतो. तिसऱ्या फोटोत रेघ चिखलाने माखलेली होती, म्हणून त्याला ती पुसून परत पाठवायला लावला. रेघ जागेवर होती.